चंदेरी रंगाची बंदूक

सासऱ्यांची बंदूक कपाटातून बाहेर काढली तेव्हा ती चंदेरी निघाली. गेटला, खिडकीच्या जाळ्यांना, पाण्याच्या टाकीच्या शिडीला लावतात तोच ऑइलपेंट. लाकूड सोडून सगळ्या लोखंडावर, घोड्यांवर, चापावर, नळ्यांच्या तोंडापर्यंत, ब्रश भरभरून लावलेला.

नवऱ्याने ती ओटीवरच्या टेबलावर ठेवली आणि तो माझ्याकडे बघायला लागला. घरात काहीही विचित्र झालं की तो माझ्याकडे बघतो. मी अजून पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

आमचं मूळ घर आगाशीला. सासू-सासरे तिथे वाडीत राहतात, आम्ही चंदनसारला फ्लॅटमध्ये. मी वसईच्या पूर्वेला एका गाळ्यात नोकरी करते. तिथे पाने, पकडी, सॉकेट असली हत्यारं बनतात आणि बाहेर जाणारा माल तपासणं माझ्याकडे असतं. शनिवारी अर्धा दिवस. सुटले की रिक्षा, मग बस, मग आगाशी. रविवारी संध्याकाळी तोच प्रवास उलटा. सासऱ्यांना विसर पडायला लागल्यापासून हे असं चाललं आहे आणि आता मी त्याबद्दल कुणाशी बोलतही नाही.

बंदूक जुनी, दोननळी, बारा बोअरची. सासऱ्यांच्या वडिलांनी घेतली, नंतर परवाना सासऱ्यांच्या नावावर झाला. वाडीत चिकू होते तेव्हा वटवाघळं उठवायला रात्री एखादा बार काढायचे. चिकू गेले, वटवाघळं गेली, काडतुसं कधीच संपली. राहिली ती बंदूक, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून नंतर परत आणण्याचा सोपस्कार. यंदा निवडणूक लागली तेव्हा आम्ही ठरवलं की जमा करायची आणि परवानाही बंद करायचा. ज्या माणसाला दुपारी जेवल्याचं संध्याकाळी आठवत नाही त्याच्या घरात बंदूक नको, रिकामी असली तरी.

हे दादांना, म्हणजे सासऱ्यांना, न सांगता करावं असं नवऱ्याचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. त्यांची वस्तू, त्यांच्या नावाचा परवाना, सहीही त्यांचीच लागणार. एका चांगल्या दिवशी मी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "वटवाघळंच नाहीत तर ठेवून काय करायची? मी स्वतः देईन साहेबांच्या हातात. कुणी पोतं टाकल्यासारखी टाकून यायची नाही."

"तुम्हीच द्यायची, दादा."

मला वाटलं, सुटलो. आणि आता हे.

दादा आतून आले. टेबलावरच्या बंदुकीकडे त्यांनी पाहिलं, मग मुलाकडे.

"ही कुणाची?"

"तुमचीच की, दादा."

"माझी?" ते हसले. बाजारात कुणी शिळी मासळी ताजी म्हणून द्यायला लागला की ते असे हसायचे. "माझी काळी आहे. हे काय आणलंस? जत्रेत घेतलंस? माझी कुणाला विकलीस ते सांग."

नवऱ्याने परवाना दाखवला, कपाटाची किल्ली दाखवली, शपथ घेतली. दादा जेवढं ऐकत गेले तेवढे चिडत गेले. चिडले की ते घरच्या बोलीत शिरतात. मी देशावरची, इतकी वर्षं होऊनही ती बोली मला अर्धीच कळते, पण मुलगा चोर आहे एवढं त्या दिवशी कळलं. सही करणार नाही. ठाण्यात येईन तो तक्रार द्यायला येईन. असं म्हणून ते मागे पडवीत जाऊन बसले.

सासूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या बंदुकीकडे बघत नव्हत्या.

मी बंदूक उजेडात धरून पाहिली. रंगात एक झेंडूची पाकळी अडकली होती. घोड्याच्या खाचेत अक्षतेचा तांदूळ, त्यावरही रंग. आणि सगळीकडे पांढरे धागे, जुन्या धोतराचे, रंग ओला असताना गुंडाळल्यामुळे चिकटलेले.

मग जुळवायला फार काही उरलं नाही. इथे समुद्र जवळ. वाऱ्यात खार असतो आणि तो लोखंड खातो. 'खाल्लं' हाच शब्द यांच्या तोंडी असतो. गेट खाल्लं, पंप खाल्ला, जाळी खाल्ली. माझ्या माहेरी लोखंड वर्षानुवर्षं अंगणात पडून राहतं. इथे पावसाळा संपला की घरोघरी लोखंडाला रंग लागतो, दसऱ्याच्या आत. दादांनी आयुष्यभर हे केलं. खंडेनवमीला कोयते, फावडी, पंपाचा दांडा, बंदूक असं सगळं ओळीने पाटावर मांडून पूजा होते. गेल्या खंडेनवमीला पूजा झाल्यावर ती ओळ तिथेच होती, आदल्या दिवशीचा रंगाचा डबाही तिथेच होता. ओळीत लोखंड होतं. दादांनी ओळ रंगवली.

"आई," मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं."

"दिसलं होतं, बाय."

"मग?"

"मग काय? कोयत्याच्या पात्यांनाही लावला होता. ते मी गुपचूप घासले. ही घासायला घाबरले. गुंडाळून ठेवली." त्यांनी पदराने हात पुसले, हात कोरडेच होते. "कुणाला सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरकडे नेलं असतं."

डॉक्टरकडे आम्ही तसंही नेलं. पण चार महिने उशिरा नेलं, आणि ते चार महिने सासूबाईंना मिळाले.

रंग काढायचा हे तर उघड होतं. ठाण्यात जमा करताना बंदुकीवरचा नंबर परवान्याशी ताडून बघतात आणि नंबर रंगाखाली होता. पण नंबर काय, तेवढी जागा खरवडूनही दिसला असता. दादांना ती आपली वाटायला हवी होती. नाहीतर सही नाही, आणि सही नाही तर ते उरलेले दिवस मुलगा चोर आहे असं समजून काढणार. बाकी सगळं विसरायचे, पण राग त्यांच्याकडे टिकून राहायचा.

नवरा बाजारात जाऊन पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश घेऊन आला. सासूबाईंनी चिंच भिजत घातली. समया चिंचेने निघतात म्हणून. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "संडासच्या अ‍ॅसिडने फटकन निघेल. आमच्या नळाचा निघाला."

"नळही निघाला असेल," मी म्हटलं.

मी पॉलिश पेपर परत पिशवीत घातला आणि चिंच फेकून दिली. बंदुकीचा काळा-निळा रंग हा वरून दिलेला रंग नसतो. ते लोखंडाचंच कातडं असतं, मुद्दाम काळं केलेलं, आणि इतकं पातळ की नखात मावणार नाही. आमच्या गाळ्यात हत्यारं अशीच काळी करतात, त्याला ब्लॅकनिंग म्हणतात. त्यावर आंबट पडलं की गेलं. घासलं की गेलं. एका कामगाराने जेवणानंतर लिंबाचा हात न धुता माल हाताळला होता, त्याची बोटं पान्यावर उमटलेली मी पाहिली आहेत. मात्र थिनरने, रॉकेलने, टर्पेंटाइनने त्याला काही होत नाही. उलट लाकडाचं: थिनर लागला की लाकडाचं पॉलिश पाण्यासारखं निघून जातं.

तरी सोमवारी गाळ्यात एका रद्द पान्यावर चंदेरी रंग लावला, वाळू दिला आणि शुक्रवारी काढून बघितला. दुसऱ्याच्या वस्तूवर पहिला प्रयोग करायचा नाही, एवढी शिस्त मला नोकरीने लावली आहे. काळं तसंच राहिलं. पुढच्या शनिवारी थिनरचा डबा, मिनरल टर्पेंटाइन, शिवणयंत्राचं तेल, जुने दात घासायचे ब्रश आणि सुती चिंध्या अशी पिशवी घेऊन मी आगाशीच्या बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी वास घेऊन तोंड फिरवलं.

दादांना मी समोर खुर्चीवर बसवलं. परवाना त्यांचा, तेव्हा बंदूक त्यांच्या डोळ्यांसमोरच राहायला हवी.

"ही माझी नाही," त्यांनी बसताबसता सांगितलं.

"नसू दे. पण आधी रिकामी आहे का बघू या. मला उघडता येत नाही."

"त्यात काय आहे?" त्यांनी ती घेतली, अंगठ्याने कळ सरकवली. रंगाने चिकटलेली होती, त्यांनी जोर देऊन बंदूक मधल्या सांध्यात उघडली. दोन्ही नळ्या आभाळाकडे धरून आरपार पाहिलं, मग मला पाहायला लावलं. आरपार उजेड, दोन गोल. मग खालचं लाकूड ओढून काढलं, नळ्या खालच्या सांध्यातून उचलल्या आणि तिन्ही भाग माझ्यासमोर ठेवले. जेवताना घास तोंडाकडे न्यायचा असतो हे ज्या हातांना हल्ली सांगावं लागतं, ते हात.

"कुणाची आहे कोण जाणे," ते म्हणाले. "पण चांगली आहे."

कामाची रीत साधी होती आणि कंटाळवाणी. लाकडाजवळच्या कडांना आधी तेलाचा हात फिरवायचा. चिंधीची पट्टी थिनरमध्ये भिजवून नळीवर गुंडाळायची, वरून दुधाची रिकामी पिशवी लपेटायची म्हणजे थिनर उडून जात नाही. थांबायचं. पिशवी काढली की रंग सायीसारखा सुरकुतलेला असतो; तो बांबूच्या कामटीने ढकलायचा. कामटी लोखंडापेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही. सुरी नाही, चमचा नाही, ब्लेड तर नाहीच. मग ब्रश, मग कोरडी चिंधी, आणि त्याच जागी पुन्हा तेच, कारण चंदेरी रंग एका फेरीत जात नाही. त्यातली चमकी पसरते. चिंधीवर, टेबलावर, माझ्या कोपरांवर, चहाच्या कपाच्या कानावर चंदेरी.

नवरा थोडा वेळ ब्रश घेऊन बसला. मग त्याला नारळ उतरवणाऱ्याशी बोलायचं आठवलं.

संध्याकाळी सासूबाई तुळशीपाशी दिवा लावायला निघाल्या तेव्हा मी ओरडलेच. "आई, इथे थिनर आहे! आज दिवा मागच्या दाराला लावा."

"तुळस मागच्या दाराला नेऊ का?" त्या म्हणाल्या, पण दिवा मागे घेऊन गेल्या.

पहिल्या नळीचं टोक मोकळं झालं तेव्हा खाली वांग्याच्या सालीसारखा रंग निघाला. काळा, आणि तिरपं धरलं की जांभळट. वरच्या चंदेरी रंगाने इतके महिने खार अडवला होता हेही खरं. कुठेही गंजाचा ठिपका नव्हता. दादांनी वाकून पाहिलं. मी विचारलं, "आता?"

"काळी तर सगळ्यांच्याच असतात."

रविवारी पाठ धरली. थिनरच्या वासाने डोकं दुखत होतं आणि उद्या सकाळची पाळी होती. नक्षीतला रंग ब्रशने निघेना. वेलबुट्टीची एकेक रेघ कामटीच्या टोकाने उकरली. सांध्याखाली नंबर निघाला, परवान्यावरचाच. नवऱ्याने तो मोठ्याने वाचून दादांना दाखवला.

"नंबर काय, ठोकून घेतला असशील," दादा म्हणाले.

नवरा उठून वाडीत गेला. बराच वेळ आला नाही.

दुपारनंतर डाव्या नळीचा मधला भाग उघडा केला. तिथे काळं नव्हतं. खालच्या लाकडाच्या थोडं पुढे, तळहाताएवढी जागा राखाडी-पांढरी, नागडं लोखंड. मी चिंधी बाजूला ठेवली. काय केलं मी? थिनरने असं होत नाही. मग सासूबाईंनी माझ्यामागे चिंच लावून पाहिली? विचारलं तर त्या म्हणाल्या, देवाशपथ नाही. नवऱ्याने पॉलिश पेपर फिरवला? नाही म्हणाला. कडा बघितल्या तर त्या तुटक नव्हत्या, काळं हळूहळू विरत गेलं होतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की काळी बंदूक परत द्यायची होती आणि तिच्या मधोमध पांढरा डाग आहे.

"तुमच्या गाळ्यात ते काळं करायचं पाणी असतं ना?" नवरा म्हणाला. "चिंधीने लावतात ते. एवढाच डाग तर आहे. आण पुढच्या वेळी."

बरोबर होतं. बारीक ओरखडे झाकायला आम्ही तेच वापरतो. आठवड्यात साहेबांना विचारून छोट्या बाटलीत थोडं घेतलं. त्या आठवड्यात गाळ्यात माल परत आला होता, घरी पाण्याची टाकी गळत होती, आणि माझ्या डोक्यात मात्र तो डाग. शनिवारी पुन्हा रिक्षा, पुन्हा बस.

उरलेला रंग संध्याकाळपर्यंत निघाला. लाकडाच्या कडेवरचे ओघळ टर्पेंटाइनच्या चिंधीने एकेक टिपले, पॉलिशला धक्का लागला नाही. नळ्या चढवल्या, तेलाचा पातळ हात दिला. डाग तेवढा राहिला होता. तिथलं तेल मी पुसून काढलं, कारण तेलावर ते पाणी धरत नाही, हातात रबरी मोजे चढवले, बाटली उघडली आणि चिंधीचं टोक बुडवलं.

"तिथे नको," दादा म्हणाले.

मी थांबले. ते खुर्चीतून उठून आले होते.

"तिथे माझा हात असतो."

त्यांनी बंदूक उचलली, दस्ता खांद्याला लावला आणि डावा हात पुढे केला. तो त्या पांढऱ्या जागेवर जाऊन बसला. बोटं नळीभोवती आणि अंगठा वर, डाग जिथे संपत होता तिथेच हात संपत होता. लोकं लाकडाला धरतात. दादांचे हात लांब, ते लाकडाच्या पुढे नळीलाच धरायचे. चिकूच्या बागेतल्या तेवढ्या वर्षांच्या घामाने तिथलं काळं गेलं होतं.

मी बाटलीला बूच लावलं.

दादांनी नेम धरला तो नारळाच्या शेंड्यावर, माणसं नसलेल्या बाजूला. मग खाली घेतली, आणि मुलाकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सापडली कुठे?"

मी म्हटलं, "कपाटातच होती, दादा."

"आणि हिला रंग कुणी फासला होता?" पायाशी पडलेल्या चंदेरी चिंध्यांकडे त्यांचं लक्ष गेलं होतं.

खरं सांगायचं तर 'तुम्ही' हा शब्द माझ्या ओठांवर होता. दोन आठवडे माझे हात फुटले होते.

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "दिसत नाही ना आता धड. कोयत्यांबरोबर हिलाही लागला."

"अगं, बंदुकीला कुणी रंग लावतं का?" दादा कडाडले. "अक्कल आहे का? रंग गेटला लावतात, बंदुकीला तेल! चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहून एवढंही कळलं नाही तुला?"

"चुकलं," सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी त्यांच्यामागे आत गेले. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. रडत असतील असं वाटलं होतं. त्या आलं ठेचत होत्या.

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी पूर्वीसारखे ओरडले."

दादांचं लक्ष ठिकाणावर असेपर्यंत उरकायचं म्हणून सोमवारी मी रजा टाकली आणि सकाळीच ठाण्यात गेलो. बंदूक कापडात बांधून दादांच्या मांडीवर, मी एका बाजूला, नवरा रिक्षावाल्याशेजारी. हवालदारांनी नंबर ताडला, नळ्या पाहिल्या, म्हणाले, "काका, छान ठेवलीय." दादांनी सही केली. अक्षर वाकडं होतं, पण नाव पूर्ण होतं. बंदूक त्यांनी स्वतः उचलून हवालदारांच्या हातात दिली.

"आत ठेवाल तिथे तेल लावत जा," ते म्हणाले. "इथला वारा वाईट आहे. खातो."

"लावू, काका."

"आणि रंग लावू नका."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, ते म्हणाले, "नाही लावणार."

परतताना घराजवळ रिक्षा वळली तेव्हा दादांनी माझ्या दंडाला हात लावला आणि जवळ वाकले. मला वाटलं, आता विचारतील की आपण कुठे गेलो होतो.

"बाय," ते हळूच म्हणाले, "एक काम कर. तो रंगाचा डबा तुझ्याकडे ने. हिच्या हाताला लागू देऊ नकोस. हिला आता कळत नाही."

"नेते, दादा."

डबा मी नेला. निघताना सासूबाईंनीच तो पिशवीत घातला, झाकण घट्ट बसलंय ना बघून. आता तो चंदनसारला माझ्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीत आहे. आमच्याही जाळीला गंज धरलाय, निम्मा डबा शिल्लक आहे, दसऱ्याच्या आत लावायला हवा. कधी लावणार कोण जाणे. शनिवार-रविवार तर मी आगाशीला असते.